अ‍ॅल्युमिनियमच्या टर्निंगला (लेथवर कापताना निघणाऱ्या चिप्सना) भंगारवाला भाव पाडून का मागतो?

बहुतेक वेळा दोन कारणं असतात: कूलंट (कापताना थंड ठेवायला सोडलेलं पाणी-तेल) आणि चिप्समध्ये मिसळलेलं लोखंड. ओल्या चिप्समध्ये तुम्ही पाणी-तेलाचं वजन विकता, शिवाय वितळलेल्या धातूत ते पाणी गेलं तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. म्हणून जाळीच्या तळाच्या ट्रॉलीत रात्रभर निथळू द्या. माल जास्त असेल तर सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून ओल काढणारं यंत्र) घ्या. निथळलेलं कूलंट गाळून परत टाकीत घ्या, गटारात अजिबात नको.

लोखंड मात्र वितळवूनही वेगळं निघत नाही. विकण्याआधी चुंबक फिरवा. पण ३०४ स्टेनलेस (स्टीलचा एक प्रकार) त्याला जवळपास चिकटत नाही, म्हणून जॉब (मशीनवरचं काम) बदलताना मशीनचा ट्रे झाडणं हाच खरा उपाय.

ओल्या चिप्सचा ड्रम घट्ट बंद करू नका, आत हायड्रोजन हा पेट घेणारा वायू साचतो.