होस्ट्स फाइल : तेच प्रश्न, पुन्हा एकदा

विंडोज संगणकावरील होस्ट्स फाइलविषयी, म्हणजे कोणत्या संकेतस्थळाच्या नावासाठी कोणत्या पत्त्यावर जायचे हे संगणकाला सांगणाऱ्या छोट्या यादीविषयी, या सदरात पूर्वी लिहिले होते, तरी त्याच शंका पुन्हा येत आहेत. त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे.

वेगळे सॉफ्टवेअर न घेता एखादे संकेतस्थळ बंद करता येते का? (सातारा)

येते. सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने गेल्यास होस्ट्स ही फाइल सापडते. तिची एक प्रत बाजूला ठेवून, नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून, शेवटी नव्या ओळीत ०.०.०.० (हा कुठेही न नेणारा पत्ता), मग एक मोकळी जागा आणि पुढे संकेतस्थळाचे नाव लिहावे. आकडे अर्थातच इंग्रजी टंकावेत.

नोंद केली, तरी संकेतस्थळ उघडते. (नांदेड)

बहुधा नोटपॅडने नावापुढे ‘डॉट टीएक्सटी’ जोडून दुसरीच फाइल तयार केली असावी. तसे नसेल, तर तीन डब्ल्यू असलेले आणि नसलेले अशा दोन्ही नावांच्या ओळी आहेत का ते पाहावे, कारण ही फाइल लिहिलेले नावच तेवढे ओळखते. त्यानंतर संगणक एकदा बंद करून सुरू करावा.

व्हॉट्सॲपवर हजारो नावांची तयार होस्ट्स फाइल आली आहे. वापरू का? (ठाणे)

नाही.

आठवीतल्या मुलासाठी खेळांची संकेतस्थळे बंद केली. दुसऱ्या दिवशी त्या ओळी गायब होत्या. (कोल्हापूर)

मुलाला दोष देण्यापूर्वी तो कोणत्या खात्यातून संगणक वापरतो ते सांगा. दुकानातून आणल्या दिवशी उघडलेले एकच खाते, तेही ॲडमिनिस्ट्रेटरचे आणि अनेकदा विनापासवर्ड, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वापरतात, आणि मग कुलूप लावून किल्ली दारातच टांगल्यावर चोरी झाली म्हणून आपण चकित होतो. होस्ट्स फाइल बदलण्याचा अधिकार ॲडमिनिस्ट्रेटरला असतो. साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खात्याला नसतो. तेव्हा आधी स्वतःच्या खात्याला पासवर्ड घाला, मुलासाठी सेटिंग्जमधील अकाउंट्समधून वेगळे स्टँडर्ड खाते उघडा आणि स्वतःचे रोजचे कामही तशाच खात्यातून करा, कारण चुकून उघडलेल्या घातक प्रोग्रॅमलाही त्यामुळे मोकळे रान मिळत नाही. हे पंधरा मिनिटांचे काम लोक वर्षानुवर्षे टाळतात. एवढे करूनही ब्राउझरमधील प्रॉक्सीने, म्हणजे दुसऱ्या संगणकामार्फत संकेतस्थळ उघडून, ही फाइल चुकवता येते, म्हणून मुलाशी बोलणे टळत नाही. संगणक शाळेने दिलेला असेल, तर काहीही बदलण्याआधी शाळेला विचारा.

अश्लील संकेतस्थळे सरसकट बंद करायला वार्षिक वर्गणीचे पॅकेजच लागते, असे दुकानदार म्हणतो. (पणजी)

दुकानदाराला पॅकेज विकायचे आहे. क्लाउडफ्लेअर कंपनीची १.१.१.३ ही डीएनएस सेवा (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी) अशी संकेतस्थळे गाळते, ती २०२० पासून विनामूल्य आहे आणि राउटरमध्ये तो पत्ता घातल्यास त्यावरून चालणाऱ्या साऱ्या उपकरणांना सहसा लागू होतो; मोबाइलच्या हॉटस्पॉटला मात्र नाही. काही राउटरची सेटिंग्ज इंटरनेट पुरवठादाराने बंद ठेवलेली असतात, तेव्हा आधी त्याच्याशी बोलावे.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ असे संदेश चार महिने येत आहेत. होस्ट्समध्ये काय लिहू? (औंधमधील आजोबा)

चार महिने! ही बहुधा ब्राउझरची नोटिफिकेशन्स आहेत. कधीतरी ‘अलाऊ’ दाबले गेले असावे. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून त्या संकेतस्थळाची परवानगी काढा आणि संगणक जाणकाराला दाखवा. संदेशातील क्रमांकावर फोन करून पैसे दिले असतील, तर पुढच्या अंकाची वाट न पाहता बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.