वजन अडलंय, पण बाकी काय हललंय? काट्याबाहेरची कमाई कशी मोजायची

ताई, तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एकत्र लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. वय ४२, उंची १५६ सेंमी. तीन महिन्यांत वजन ७८ वरून ७४.५ किलो झालं आणि गेला महिनाभर तिथेच आहे. रोज ४० मिनिटं चालणं आणि गेल्या सहा आठवड्यांपासून आठवड्यातून दोनदा डंबेल्स. सुरुवातीचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.१, बीपी १३८/८८. आणि प्रश्न असा, की काटा हलत नसेल तर आनंद मानायचा तरी कशाचा?

पहिली गोष्ट, ७८ मधले साडेतीन किलो म्हणजे साडेचार टक्के. साधारण पाच टक्क्यांच्या आसपास साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांत मोजता येण्याइतका फरक पडू लागतो, आणि तुम्ही तिथे जवळपास पोचला आहात. पण हा फरक मोजला तरच कळतो. ‘हलकं वाटतंय’, ‘चेहऱ्यावर तेज आलंय’ हे छानच, मात्र काटा पुन्हा अर्धा किलो वर गेला की अशा वाटण्यावरचा विश्वास पहिला उडतो. म्हणून काट्याबाहेरच्या गोष्टींचीही वजनासारखीच तारीखवार नोंद ठेवा.

कंबर. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्याला हा फरक दिसतच नाही, टेपला बराचसा दिसतो. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० सेंमी ही धोक्याची रेषा धरतात. दुसरा सोपा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. तुमच्या बाबतीत ७८ सेंमी.

मोजण्यात मात्र हमखास चुका होतात. बहुतेक जणी परकराच्या नाडीचा वळ असतो तिथे टेप लावतात आणि नाडी महिन्यागणिक वर-खाली होते. तसं नको. कुशीला हात लावून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेच्या हाडाचं वरचं टोक शोधा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप ठेवा. टेप उघड्या त्वचेवर, पाठीमागे न लोंबणारी, टेकलेली पण न रुतणारी हवी. पोट आत ओढायचं नाही, नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापूर्वी. दोनदा मोजा, एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. शिंप्याची जुनी टेप ताणलेली असते, ती एकदा स्टीलच्या पट्टीशी पडताळून घ्या. चार आठवड्यांतून एकदा पुरे, आणि पाळीच्या चक्रात दर वेळी त्याच सुमारास, कारण पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं. एक सेंमीच्या आतला फरक सोडून द्या. दोन सेंमी कमी झाली आणि पुढच्या महिन्यातही तिथेच राहिली, तर ती खरी कमाई.

तुमचं वजन अडण्यामागे डंबेल्सचा हात असू शकतो. नव्या व्यायामानंतर स्नायू पाणी धरून ठेवतात. शिवाय शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे एका लग्नाच्या जेवणानंतर किलोभर वाढ दिसते ती चरबी नसते.

रक्तदाब. हा आकडा बऱ्याचदा लवकर हलतो. ढोबळ मानाने किलोमागे वरचा आकडा एखाद्या अंकाने उतरतो, आणि मीठ-पापड-लोणचं कमी केल्याचा फायदा त्याशिवाय वेगळा. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर. सकाळ-संध्याकाळ एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. एकाच दिवशी १२४ दिसलं म्हणून आनंद नको आणि १४२ दिसलं म्हणून घाबरायलाही नको.

रक्ततपासण्या. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्याआधी तपासणं म्हणजे पैसे वाया. शक्यतो तीच लॅब ठेवा. ६.१ चं ६.० झालं तर तो प्रयोगशाळेतला चढ-उतारही असू शकतो. ५.७ च्या खाली, म्हणजे सामान्य पातळीत गेलं, तर घरात सगळ्यांना सांगा. एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत फार निसटते. लोह कमी असल्यामुळे रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर ते आपोआप उतरतं. म्हणून सोबत हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर बघाच.

कोलेस्टेरॉलच्या चाचणीला आताची वेळ चांगली आहे. वजन भराभर उतरत असताना चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, तात्पुरतं खाली जाऊ शकतं आणि लोक विनाकारण हिरमुसतात. वजन स्थिर असताना चित्र खरं दिसतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या खाली हवेत, आणि ते आदल्या दोन-तीन दिवसांच्या खाण्यालाही दाद देतात, तेव्हा दिवाळीच्या किंवा लग्नाच्या आठवड्यात ही चाचणी करू नका.

‘वजन हललं नाही तर सगळं फुकट’ या वाक्याला माझ्याकडे सगळ्यात ठोस उत्तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’मध्ये ५३१ जण होते, सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ज्या गटाला फक्त आहार आणि चालण्याचं मार्गदर्शन मिळालं, त्यात मधुमेहाचं प्रमाण नुसत्या सर्वसाधारण सल्ल्यावर असलेल्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि त्या लोकांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं! तुमचं ६.१ त्याच उंबरठ्यावरचं आहे, त्यामुळे रोजची ४० मिनिटं काटा काहीही म्हणो, चालूच ठेवा.

दमसास आणि गुडघे. घरातली एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. दर महिन्याला तीच खुर्ची, कारण उंची बदलली की आकडा बदलतो. जिन्यासाठी तोच जिना, तेवढेच मजले, हातात पिशवी नको. वर पोचल्यावर सलग एक वाक्य बोलता येतं का आणि एका मिनिटानंतर नाडी किती, हे लिहा. मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता आलं, तर तो दिवस तारखेसह नोंदवा. मांड्यांची ताकद आणि तोल दोन्ही त्यात आले. गुडघेदुखी असलेल्या वजनदार व्यक्तींवरच्या अभ्यासात किलोभर वजन उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी झाल्याचं दिसलं. तुमचे साडेतीन किलो म्हणजे पावलागणिक चौदा.

कपड्यांबद्दल थोडंच सांगतो. लेगिंग किंवा ताणणारं कापड यावर विसंबू नका. न ताणणाऱ्या कापडाचा एक जुना ब्लाउज ‘मापाचा’ म्हणून जसाच्या तसा ठेवा आणि महिन्यातून एकदा घालून बघा. बाकीचे खुशाल आत घ्यायला द्या, पण शिंप्याला माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कापू नका म्हणून सांगा.

मानेवरचा, काखेतला जाड काळसर पट्टा अनेकींना मळ वाटतो आणि त्या तो घासत बसतात. तो बहुतेक वेळा इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची खूण असतो. इन्शुलिन उतरलं की तो हळूहळू फिकट होतो, त्याला कित्येक महिने लागतात. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी फोटो काढा. घोरणं कमी झालं का, ते घरच्यांना विचारा. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर मात्र वजनाची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

आता आनंद साजरा करण्याबद्दल. खाणं बक्षीस म्हणून वापरू नका, असं मी आग्रहाने सांगेन. होळीची पुरणपोळी सणाची म्हणून खा, दोन सेंमीची मजुरी म्हणून नको. कमाई ज्या गोष्टीची, तिलाच जोडून काहीतरी करा. दम वाढला तर सिंहगड पायी चढून या किंवा पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढा. चालण्याचे बूट झिजले असतील तर नवे घ्या. रिपोर्ट सुधारला तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून घरात दाखवा, कारण ‘अजून तेवढीच दिसतेस’ म्हणणाऱ्या सासूबाईंनाही साखरेचा आकडा कळतो.

काही बदल दिसायला चांगले, पण तपासून घ्यायचे असतात. खाणं तेवढंच असताना वजन भरभर उतरतंय, तहान आणि लघवी वाढली आहे, तर साखर वाढलेली असू शकते. पाळी चुकली, सतत थंडी वाजते, मूठभर केस गळतात, तर खाणं किंवा प्रथिनं फार कमी पडत असतील, रक्त आणि थायरॉईड दोन्ही तपासा. बीपीची गोळी चालू असताना उठल्यावर चक्कर येऊ लागली, किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) अथवा इन्शुलिन घेणाऱ्या कुणाला घाम, थरथर, अचानक भूक जाणवली, तर औषधाचा डोस जास्त होत असण्याची शक्यता असते. डोस कमी होणं ही मोठी कमाई आहे, पण तो डॉक्टरांनीच कमी करायचा.

आणि कंबर, दम, रिपोर्ट यांपैकी काहीच आठ आठवडे हललं नाही, तर मग ताट बघा. पहिलं तेल मोजा. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे लक्ष्य ठेवा, कारण मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. त्यानंतर उपवासाची साबुदाणा खिचडी आणि प्रत्येक भाजीत पडणारं दाण्याचं कूट. महिन्याभराचे आकडे जमले की इथेच लिहा, रिपोर्टवरचं नाव तेवढं झाका.