कलकत्ता खरंच जॉब चार्नॉकने वसवलं का? आणि नाव कालीमातेवरून पडलं का?

चार्नॉक तिथे उतरला हे खरं, पण शहर त्याने वसवलं असं म्हणता येत नाही. नावाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, त्याकडे शेवटी येतो.

नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षं तिथे काढली. चार्नॉकचा विषय निघाला की शेजारचे आजोबा चिडायचे, ‘मग त्याच्याआधी इथे काय नुसतं जंगल होतं?’ त्यांचं बरोबर होतं. ईस्ट इंडिया कंपनीचा हा माणूस 24 ऑगस्ट 1690 ला ऐन पावसाळ्यात हुगळी नदीच्या पूर्व काठावर सुतानुतीला उतरला, तोही तिसऱ्यांदा. 1686 मध्ये मोगलांशी बिनसल्यावर हुगळी गाव सोडून तो इथे येऊन गेलेला होता. सुतानुती म्हणजे सुताची लड. शेठ आणि बसाक या व्यापारी घराण्यांमुळे तिथे सुताकापडाचा व्यापार आधीच चालत होता. शिवाय जहाजांना पुरेल इतकं खोल पाणी, पश्चिमेला नदी आणि पूर्वेला दलदल, म्हणजे घोडदळाला वाट अवघड. (पुढे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या तेव्हा मात्र या दलदलीवर कुणाचा भरवसा राहिला नाही. 1742 च्या स्वारीनंतर घाईघाईने ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला. तो अर्धाच राहिला, आणि आपली माणसं तिथवर गेलीच नाहीत!)

चार्नॉक 1693 मध्ये वारला. सुतानुती, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क कंपनीला मिळाले ते त्यानंतर, 1698 मध्ये, सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून 1300 रुपयांना. गंमत म्हणजे याच घराण्याचे वंशज पुढे कोर्टात गेले, आणि 2003 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने निकाल दिला की चार्नॉक या शहराचा संस्थापक नाही आणि 24 ऑगस्ट हा शहराचा वाढदिवसही नाही.

आता नाव. उतरला सुतानुतीला, मग शहर कलिकात्याच्या नावाने का? माझ्या मते किल्ल्यामुळे. राजा विल्यमच्या नावाचा पहिला फोर्ट विल्यम कलिकात्यात उभा राहिला, कचेरी तिथे आली आणि कागदोपत्री तेच नाव रुळलं. गोविंदपूर प्लासीनंतर नव्या किल्ल्यासाठी उठवलं. सुतानुती आज शोभाबाजार मेट्रो स्टेशनच्या पाटीवर भेटते. मध्ये 1756 मध्ये सिराजउद्दौल्याने शहर जिंकून त्याचं ‘अलीनगर’ केलं, पण ते काही महिनेच टिकलं.

कलिकाता शब्द कुठून आला? गोऱ्याने गावाचं नाव विचारलं, गवत कापणाऱ्याला वाटलं हे कधी कापलं ते विचारतोय, म्हणून तो ‘काल काटा’ म्हणाला, ही निव्वळ दंतकथा. कालीमातेची व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, पण कालीचं देऊळ असलेलं कालीघाट या तिन्ही गावांच्या दक्षिणेला आहे. भाषातज्ज्ञ सुनीतिकुमार चटर्जी ‘कलि’ म्हणजे चुना आणि ‘काता’ म्हणजे भाजलेले शिंपले, असं सांगायचे. आपण कळीचा चुना म्हणतोच की. मला तरी हेच पटतं.