धुरकं, चूल आणि हृदय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बायपास होऊन दोन वर्षं झाली. पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला जातो. थंडीत धुरकं असतं म्हणून मुलगा अडवतो. चालणं बंद करू का? (वय ६२)

चालणं नाही, साडेपाचची वेळ बंद करा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. शेकोट्या, कचऱ्याची जाळपोळ, गाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. ऊन तापलं की झाकण उठतं. शिवाय गारठ्याने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्याच तासांत जास्त येतात. बायपासवाल्याने या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अंगावर कशाला घ्यायच्या?

नऊच्या सुमाराला जा, नाहीतर संध्याकाळी ऊन असतानाच. रस्त्याच्या कडेने न जाता मैदानाच्या आतल्या बाजूने चाला. मोबाइलवर हवेचा निर्देशांक २००च्या वर दिसला, तर त्या दिवशी घरातच फेऱ्या मारा. आकडा हिरवा दिसला म्हणून फार हुरळूनही जाऊ नका. सूक्ष्म कणांची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती ५ सुचवली, म्हणजे आपलं मापच सैल आहे. मुलाला सांगा, घरी बसून राहिल्याने हृदयाचं नुकसानच जास्त होईल.

प्रश्न : नाशिकच्या द्वारका चौकातून नाशिकरोडपर्यंत रिक्षा चालवतो. संध्याकाळी रुमालाने नाक पुसलं की काळं निघतं. धूर जातो फुफ्फुसात, मग डॉक्टर हृदयाचं का सांगतात? (वय ४४)

रुमालावर जे निघतं त्याची मला काळजी नाही. ते नाकाने अडवलं. काळजी आहे ती नाकाला न सापडलेल्या कणांची. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसावा-तिसावा भाग. तो थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथे शरीर त्याच्याशी भांडायला लागतं, सूज येते आणि त्या भांडणातली रसायनं रक्तात उतरतात. सर्वांत बारीक कण तर स्वतःच रक्तात शिरतात.

पुढचं सगळं रक्तवाहिनीत घडतं. तिचं आतलं गुळगुळीत अस्तर बिघडतं, ती हवी तेव्हा सैल होत नाही. रक्त चिकट होतं, गुठळी लवकर धरते. वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर सुजतो आणि एखाद्या वाईट दिवशी फुटतो. त्यावर गुठळी बसली की झटका. मेंदूकडे जाणारी वाहिनी असेल तर पक्षाघात. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणखी वेगळा त्रास देतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो, म्हणजे हृदयाला तेवढंच काम कमी प्राणवायूत करावं लागतं. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ला पाच दिवस धुरकं बसलं तेव्हा हजारो माणसं गेली. त्यांत श्वासाचे रोगी होते, तसे हृदयाचेही होते.

रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसवा. सिग्नलला इंजिन बंद ठेवा आणि ट्रकच्या मागे चिकटू नका. बिडी ओढत असाल तर मात्र माझा मास्कचा सल्ला फुकट गेला. रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तरी तपासा.

प्रश्न : आम्ही निफाडजवळ राहतो. घरात गॅस आहे, पण सासूबाई भाकरी चुलीवरच करतात आणि अंघोळीचं पाणी बंबावर. त्यांना बीपी आहे. काय करावं?

गॅसवर भाकरी तशी होत नाही, हे माझ्या घरीही ऐकलंय, त्यामुळे भाकरीवरून वाद घालू नका. पण बंद स्वयंपाकघरातल्या चुलीजवळची हवा द्वारका चौकातल्या हवेपेक्षाही वाईट असू शकते. भाकरी चुलीवर राहू द्या. भात, डाळ, चहा, दूध गॅसवर न्या. चूल पडवीत हलवा, लाकूड वाळलेलंच वापरा. ओलं सरपण नुसतं धुमसतं. बंबात प्लास्टिक, रबर, चिंध्या घालायच्या नाहीत, यावर मात्र अडून बसा. थंडीत द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवता, त्या पहाटे सासूबाईंना बागेकडे जाऊ देऊ नका. बीपीची गोळी चुकवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : वडील ३० वर्षं बॅटरीच्या दुकानात शिसं वितळवतात. तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही. संबंध असेल?

असू शकतो. शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहतं. त्याने वाहिन्या आवळतात, मूत्रपिंडं बिघडतात आणि दोन्हींमुळे रक्तदाब चढतो. रक्तातल्या शिशाची तपासणी नेहमीच्या तपासण्यांत नसते. वडील काय काम करतात ते डॉक्टरांना सांगा आणि ही तपासणी मागून घ्या. एक प्रश्न मीच विचारतो : वडील तंबाखू मळतात का? शिशाच्या त्याच तळहातावर? तसं असेल तर दिवसातून जितक्या चिमटी, तितक्या वेळा शिसं तोंडात जातंय. हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाकडे न्यायचा नाही. कामाचे कपडे दुकानातच ठेवायचे, नातवंडांपर्यंत आणायचे नाहीत. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : सिमेंटच्या कामावर आहे. गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते म्हणतात. मला शुगर आहे, किती खाऊ?

अजिबात नको. गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात, धूळ असते फुफ्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. मुकादमाकडून मास्क मिळत नसेल तर गुळाच्या पैशांत स्वतःचा घ्या, आणि कोरडं झाडण्याआधी पाणी मारा.