शेवळं खाल्ल्यावर घसा खाजला. काकडं न घातल्यामुळे असं होतं का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: बाजारातून शेवळं या रानभाजीच्या दोन जुड्या आणल्या, नेटवरची कृती बघून केल्या, सगळ्यांचे घसे खाजले. विकणारी मावशी सोबत हिरवी फळं देत होती, ती घेतली नाहीत. आता पुढच्या वेळी अ‍ॅपवरून ओळखून जंगलातूनच आणावीत का?

ती हिरवी फळं म्हणजे काकडं, आणि घोटाळा बहुधा तिथेच झालाय. शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. नुसत्या शिजवण्याने ते जात नाहीत, सोबत काहीतरी आंबट घालावंच लागतं. आवळ्याएवढी, आंबट-तुरट काकडं शेवळांच्याच दिवसांत झाडावर असतात. ठाणे, पालघर, रायगडकडच्या ठाकूर, कातकरी, वारली बायका शेवळांसोबत तीही विकायला आणतात. ती वर फुकट टाकलेली वस्तू नाही, भाजीचाच अर्धा भाग आहे.

आता साफ करण्याविषयी. बहुतेकांची चूक इथे होते. आधी हाताला तेल चोळा. मिटलेली, टोकदार शेवळंच घ्या. उमललेल्याला कुजक्या मांसासारखा वास येतो. बाहेरची पाती सोलली की आत दांडा दिसतो. त्याच्या खालच्या बाजूला पिवळसर, दाणेदार भाग असतो, ती खरी फुलं. तोच सगळ्यात खाजरा. तो पूर्ण कापून टाका, जरासा तुकडाही राहू देऊ नका. उरलेलं अगदी बारीक चिरा. जाड फोडी आतून कच्च्या राहतात आणि मग कितीही आंबट घातलं तरी खाज उरते.

एका जुडीला पाच-सहा काकडं धरा. ठेचून, बिया काढून, थोड्या पाण्यात वाटून रस गाळून घ्या. चिरलेली शेवळं चिंचेच्या पाण्यात उकळून, पिळून ते पाणी फेकून द्या. मग सढळ तेलावर कांदा परतून शेवळं घाला, चांगली परता आणि काकडांचा रस सुरुवातीलाच ओता. शेवटी वरून पिळला तर उपयोग नाही, तो भाजीबरोबर शिजायला हवा. सोडे, कोळंबी, वाल किंवा चणाडाळ, जे घालाल ते यानंतर. काकडं मिळालीच नाहीत तर चिंच आणि आमसूल दोन्ही घाला, पण चव थोडी वेगळी येईल.

शिजत असताना चमचाभर चाखू नका. पूर्ण शिजल्यावर जिभेच्या टोकावर जरासं ठेवा, दहा मिनिटं थांबा, मगच वाढा. तरीही घसा खाजलाच तर आमसूल चोखा. घसा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सरळ डॉक्टरकडे जा.

अ‍ॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यावर भरवसा ठेवून तोडू नका. शेवळं पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येतात तेव्हा पान नसतंच, ते नंतर येतं. एकाच कुळातले मिटलेले कोंब फोटोत सारखेच दिसतात. काढणारी बाई मात्र नुसता कोंब बघत नाही. कंद वर्षानुवर्षं त्याच जागी असतो, पावसाळाभर त्यावर कोणतं पान वाढलं ते तिने पाहिलेलं असतं. शिवाय ती वरचा कोंब मोडते, कंद उपटत नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर काहीच तोडू नये.

तेव्हा जुडी घेताना तिलाच विचारा: काकडं किती घालू, कुठला भाग टाकू, आज तोडलीत की काल? आणि ही माहितीही जुडीच्या भावातच येते, तेव्हा भावात घासाघीस करू नका.

जैवविविधता कायदा २००२ खाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातले जीव आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान टिपणाऱ्या वह्या, करायच्या असतात. तुमच्या गावची होत असेल तर त्यात नुसतं ‘शेवळं, खाण्यायोग्य’ लिहून भागणार नाही. कोणता भाग टाकायचा, कधी तोडायचं आणि सोबत काकडं, हे तिन्ही त्याच ओळीत लिहायला लावा.