स्टेंट टाकला, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. माझे मिस्टर 57 वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. आता तब्येत चांगली आहे, रोज फिरायला जातात, पण महिना झाला गोळ्या बंद केल्यात. म्हणतात ब्लॉकेज काढून टाकलं ना, मग पाच-पाच गोळ्या खाऊन लिव्हर-किडनी का खराब करून घेऊ. कोणीतरी मोबाईलवर पाठवलंय की कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे विष. रविवारी राजवाड्याला मित्रांबरोबर पोहे-जिलेबी ठरलेली. मी काही बोलले की भांडण. पुण्याची मुलगी सांगते तेवढंच थोडं ऐकतात. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत हे थांबण्यासारखं नव्हतंच. आता लिहितेय ते बाकीच्या घरांसाठी, जिथे गोळ्यांचा डबा असाच कपाटात मागे सरकलाय.

आधी ते "ब्लॉकेज काढून टाकलं" बघू. काढत काहीच नाहीत हो. चरबीचा थर तिथेच असतो, फुग्याने तो भिंतीला दाबतात आणि परत आत येऊ नये म्हणून धातूची जाळी बसवतात, तोच स्टेंट. 1977 मध्ये झुरिकला आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी पहिल्यांदा हृदयाच्या नळीत फुगा फुगवला तेव्हा जाळी नव्हतीच, आणि बऱ्याच जणांची तीच जागा काही महिन्यांत परत अरुंद व्हायची. मग जाळी आली, नंतर जाळीवर औषध लावायला लागले, म्हणजे आत जखमेसारखं मांस वाढत नाही. पण त्याच औषधामुळे जाळीवर आपली स्वतःची पातळ त्वचा चढायलाही उशीर लागतो, आणि तोवर रक्ताच्या दृष्टीने ती उघडी धातूची तार, तिच्यावर गुठळी जमायला वेळ लागत नाही. म्हणून अटॅकनंतर साधारण वर्षभर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, एक एस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, आणि पुढे बहुतेकांना एक कायमची. कुणाची दुसरी गोळी लवकर बंद करायची हे त्यांचे हार्टचे डॉक्टर ठरवतील, आपण नाही. सातव्या महिन्यात स्वतःच्या मनाने दोन्ही बंद करणं म्हणजे नळी एकदम पूर्ण बंद व्हायचा धोका ओढवून घेणं.

हे मी घरात बघितलंय. माझ्या दादाला स्टेंट टाकून चार महिने झाले होते, दाढ काढायची होती, तिथे कोणीतरी सांगितलं पाच दिवस रक्ताच्या गोळ्या बंद ठेवा, आणि त्याने आम्हाला कोणाला न विचारता ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठला आणि ओट्याला धरून खाली बसला. बनियन घामाने अशी भिजली होती की पिळता आली असती. फ्रिजवर गोळ्यांची स्ट्रिप पडलेली, दहातल्या सात गोळ्या तशाच. वाचला, पण हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांवर आलं, आज त्याला एक मजला चढायला दोनदा थांबावं लागतं. दाढ ते गोळ्या चालू ठेवूनही काढतात, फक्त दोन्ही डॉक्टरांचं आपसात बोलणं व्हायला पाहिजे.

आता कोलेस्टेरॉलची गोळी. स्टेंट एका जागेवर आहे, इंच-दीड इंचाचा, पण चरबीचा थर तिन्ही मोठ्या नळ्यांत कमीजास्त असतोच. पुष्कळ अटॅक तर 90 टक्के ब्लॉकेजवर येत नाहीत, 40-50 टक्क्यांच्या मऊ थरावरची पातळ साय फाटते, तिथे गुठळी जमते आणि नळी बंद. स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, ती साय घट्ट करतं, नुसता रिपोर्टमधला आकडा उतरवत नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली हवं, अटॅक येऊन गेलेल्यांचं तर 55 च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. काहींना अंग दुखतं, क्वचित लिव्हरचे आकडे थोडे चढतात, त्यासाठी रक्त तपासतात, डोस किंवा गोळी बदलतात. किडनीचं म्हणाल तर ती न आवरलेल्या बीपी-शुगरने जाते, आणि गुडघे दुखले की मेडिकलवरून आणतो त्या पेनकिलरने. त्या पेनकिलर हार्टच्या पेशंटने मनाने घेऊच नयेत.

खाण्यावरून रोज भांडू नका, खरंच सांगते. पोहे वाईट नाहीत. त्यावरची मूठभर सेव, जीरावन मसाला आणि शेजारची जिलेबी, त्रास तिथे आहे. जीरावनमध्येही मीठ असतं आणि दिवसभराचं सगळं मिळून मीठ एक चमचाच हवं, पाच ग्रॅम. घरी मटार घालून करा, वरून लिंबू-कोथिंबीर, सेव चिमूटभर. तुपात बुडवलेले बाफले (कणकेचे गोळे) लग्नाकार्यात एखादा, दर रविवारी नाही. पण गुटख्याचं पाउच किंवा सिगरेट असेल तर सगळं भांडण तिथेच करा, त्यात सूट नाही.

आणि मुलीचं ऐकतात ना, मग तिलाच कामाला लावा. आठवड्याचा खणांचा डबा आणा, रात्री जेवणानंतर तिचा व्हिडिओ कॉल आणि कॉल चालू असतानाच गोळी. खर्चाचं मनात असेल (पुरुष बोलून दाखवत नाहीत) तर याच गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात.

प्रश्न : मी 61 वर्षांची, रामबागेत राहते, शुगर आहे. जिना चढताना जबडा आणि पाठीत डावीकडे ओढल्यासारखं होतं, घाम येतो, बसले की पाच मिनिटांत जातं. घरचे म्हणतात गॅस आहे. ईसीजी नॉर्मल आला.

उत्तर : काकू, गॅस जिना मोजून येत नाही. चढलं की येतं आणि बसलं की जातं, हे हृदयाला रक्त कमी पडतंय असंच धरून चालायचं. बायकांना आणि शुगरवाल्यांना छातीत कळ येईलच असं नाही, जबडा, पाठ, दम, मळमळ असंही दिसतं. बसल्या-बसल्या काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. याच आठवड्यात हार्टच्या डॉक्टरांकडे जा, इको, स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओ काय करायचं ते सांगतील, तोवर जिना आणि ओझं बंद. आणि हेच बसल्या जागी आलं किंवा दहा मिनिटांत गेलं नाही तर ईनो घेऊन वाट बघायची नाही, 108 ला फोन. एस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर 300 ची गोळी चावून खायची. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून जायचं नाही. घराजवळ चोवीस तास अँजिओप्लास्टी कुठे होते ते आजच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण नळी बंद झाली की मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

प्रश्न : बाबांना 49 व्या वर्षी अटॅक आला. मी 32 चा आहे, काहीच त्रास नाही. तपासण्या करू का?

उत्तर : हो, करा. वडिलांना 55 च्या आत आला म्हणजे तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त धरतात. बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिक कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी). तीस-पस्तीसला सरसकट अँजिओग्राफी करायची गरज नसते, पॅकेजच्या जाहिराती बघून करू नका. भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.