फुटांआधी सेकंद

प्रश्न : नोकरीसाठी होनोलुलूला येऊन वर्ष झालं. सर्फिंग शिकतोय, फॉइलही (खाली पाण्यातला पंख असलेला बोर्ड) घेतलंय. मागे एकदा बोयाचा (समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा 6 फूट, 8 सेकंद होता. नॉर्थ शोअरला, म्हणजे इथल्या बेटाच्या उत्तर किनाऱ्याला, जेमतेम खळबळ. पुढच्या आठवड्यात 4 फूट, 18 सेकंद दिसला म्हणून निर्धास्त गेलो आणि मार खाऊन परतलो. अंदाज वाचायचा तरी कसा?
— एक वाचक, होनोलुलू

उत्तर : तुम्ही फूट वाचलेत, सेकंद सोडलेत. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केलं. नॉर्थ शोअरच्या हालेइवाला पहाटे पाणी तळ्यासारखं. पंधरा मिनिटं बोर्डवर बसून वाटलं, अंदाज फसला. मग क्षितिजावर काळ्या रेघा उठल्या, एकामागून एक पाच. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, तुटली आणि बोर्ड माझ्याआधी किनाऱ्याला लागला. सेकंद जास्त असले की लाटांच्या दोन झुंडींमधली शांतता फार लांबते. हल्ली मी आधी अर्धा तास वाळूवर बसून नुसता बघतो. बायको म्हणते, एवढ्यात दोनदा चहा झाला असता.

सेकंद म्हणजे लाटेचा एक माथा गेल्यावर दुसरा यायला लागणारा वेळ. त्याचा वर्ग करा, 1.56 ने गुणा : खोल समुद्रातली लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. 8 सेकंदांची लाट 100 मीटर, 18 ची 500. लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलतं, म्हणजे तुमच्या ‘छोट्या’ लाटेखाली अडीचशे मीटर पाणी चालत होतं. मुंबईसमोर शेकडो किलोमीटर समुद्रबूड जमीन आहे, तिथे अशी लाट तळाला घासून दमते. हवाईला तो उंबरठाच नाही. लाट खोल पाण्यातून थेट रीफवर, म्हणजे किनाऱ्याजवळच्या उथळ खडकावर, चढते.

लाटा पोहोचायची वेळही सेकंदांतूनच निघते. सेकंदांची दीडपट करा, झुंडीचा वेग ताशी सागरी मैलांत मिळतो. 18 चे 27. काउआई बेटाच्या वायव्येला 51101 क्रमांकाचा बोया आहे, नॉर्थ शोअरपासून अंदाजे पावणेतीनशे सागरी मैल. तिथे रात्री दहाला आकडा उसळला, की सकाळी आठच्या सुमारास तुमच्या दारात. दिशा मात्र बघा, आणि ती स्वेल (दूरून आलेल्या लाटांची रांग) कुठून येते त्याची असते : फार पश्चिमेकडची असेल तर काउआई वाटेत आडवं येतं.

फुटांचा घोळ वेगळाच. हवामान खातं किनाऱ्यासाठी लाटेच्या समोरच्या भिंतीची उंची सांगतं, इथले जुने सर्फर साधारण तिच्या निम्मी. पार्किंगमध्ये कुणी ‘चार फूट’ म्हणालं तर आठ समजा.

फॉइलला हे गणित उलटं. माउई बेटावर मालिको ते काहुलुई रन (वारा पाठीशी घेऊन किनाऱ्याकडेने जाणं) करायचा असेल तर व्यापारी वाऱ्याने उठवलेली सात-आठ सेकंदांची खळबळच हवी, म्हणजे तुम्ही नाक मुरडलेला तो पहिला आकडा. फक्त त्याच दिवशी उत्तरेकडून मोठी स्वेल असेल तर मालिकोच्या तोंडाशीच लाटा फुटतात. तेव्हा फॉइल गाडीतच राहू द्या.